संत जोसेफ वाझ : मजुराच्या वेषांतील धर्मपंडित

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवापूर्वीं झालेल्या त्रिदिन-उपासनेंत, दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सव हा शब्द उच्चारतांच पताका, वाद्यें, नवीं वस्त्रें आणि पंक्तिभोजन हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. तें सर्व योग्यच आहे. पन्नास वर्षें देवानें आपलें पालन केलें, त्याबद्दल आनंद करूं नये असें कोण म्हणेल? परंतु पन्नासाव्या वर्षाचा विधि ज्या ग्रंथांत प्रथम सांगितला आहे, त्या लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्याय आपण घरीं जाऊन अवश्य वाचावा. हातची गेलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी, आणि दास होऊन राहिलेल्यानें मुक्त होऊन आपल्या मुलाबाळांसह स्वगृहीं जावें, अशी तेथें आज्ञा आहे. यावरून पाहतां महोत्सव हा हिशोबाचा दिवस ठरतो. आपणांपाशीं दुसऱ्याचें काय राहून गेलें आहे, हें पाहावयाचें आणि तें परत करावयाचें.

हा हिशोब करतांना कोणी साक्षीदार जवळ असावा, म्हणून आज मी आपणांपुढें संत जोसेफ वाझ यांचें चरित्र मांडीत आहें. ते आपल्या शेजारच्या गोमंतकाचे. त्यांची मातृभाषा आपल्या मराठीची सख्खी बहीण. आणि ज्या रूपानें ते परदेशीं गेले, तें रूप आपल्या या कारखान्यांच्या प्रदेशांत दररोज सकाळीं रस्त्यारस्त्यांवर दिसतें.

त्यांचा काळ ध्यानांत यावा म्हणून आपल्या भोवतालच्याच दोन खुणा सांगतों. देहूचे संत तुकाराम यांनीं इहलोक सोडला तो १६५० च्या सुमारास. जोसेफ वाझ जन्मले २१ एप्रिल १६५१ रोजीं. १६६० सालीं शाइस्तेखानाच्या फौजेनें आपल्या चाकणच्या किल्ल्यास वेढा दिला आणि फिरंगोजी नरसाळा यांनीं तो सुमारें दोन महिने लढविला, तेव्हां सासष्टींतील हा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि शाळेंत मुळाक्षरें गिरवीत होता.

त्यांचा जन्म बाणावली या गांवीं आईच्या माहेरीं झाला. पित्याचें नांव क्रिस्तोव्हांव, मातेचें मरिया द मिरांद. आठव्या दिवशीं गांवच्या संत योहानाच्या देवळांत त्यांचा स्नानसंस्कार झाला. वडिलांचें गांव सांकवाळ. तेथें त्यांनीं पोर्तुगीज भाषा शिकली, बाणावलीस लॅटिनचा अभ्यास केला, आणि पुढें जुन्या गोव्यांत येशूसंघीयांच्या संत पावलाच्या विद्यालयांत त्यांचें वाङ्मयाचें शिक्षण झालें. तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांसाठीं ते डोमिनिकन धर्मगुरूंच्या संत थॉमस अक्वायनस विद्यापीठांत गेले. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. दीक्षा मिळाल्यावर त्यांनीं पायांतील जोडे काढून ठेविले. ज्या लोकांत काम करावयाचें ते अनवाणी चालतात, तर त्यांच्या गुरूनेंही अनवाणीच चालावें, असा त्यांचा विचार होता.

येथें एक गोष्ट मराठी वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावी. ज्या सासष्टींत हे वाढले, त्याच सासष्टींत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयानें आयुष्य घालविलें होतें. त्यांचें मराठी ओव्यांतील ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राचोल येथें छापून निघालें. तिसरी आवृत्ति १६५४ सालची. त्या वेळीं जोसेफ तीन वर्षांचे होते. म्हणजे परक्या देशांतून आलेल्या एका गुरूनें येथील लोकांची भाषा शिकून तींत ख्रिस्तकथा सांगितली, त्या भूमींत हा बालक लहानाचा मोठा झाला. पुढें त्यानें तेंच ऋण दुसऱ्या देशांत फेडलें, असें त्याचें सर्व चरित्र पाहून मला वाटतें.

५ ऑगस्ट १६७७ रोजीं त्यांनीं सांकवाळ येथें एक पत्र लिहून त्यावर स्वाक्षरी केली. देवमातेचा दास म्हणून त्यांनीं आपणांस त्या पत्रानें कायमचें वाहून घेतलें. तें ‘दास्यपत्र’ म्हणून प्रसिद्ध आहे. आज आपण दास हा शब्द भजनांतून सहज म्हणून जातों. त्या काळच्या गोव्यांत मात्र माणसें खरोखर विकलीं व विकत घेतलीं जात असत. दास म्हणजे काय, हें त्या तरुण गुरूनें बाजारांत पाहिलें होतें. इतरांवर जें नांव बळजबरीनें लादलें जात होतें, तें त्यानें प्रेमानें स्वतःच्या माथीं घेतलें. स्वर्गीय राजपुत्रानें दासाचें रूप धारण केलें, असें प्रेषित पौल फिलिप्पैकरांस लिहितात. त्या एका वाक्यावर विद्यापीठांतून मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. जोसेफ वाझ यांनीं त्याचें भाष्य आपल्या आयुष्यानें लिहिलें.

१६८१ सालीं त्यांस कानडा प्रांताचे मुख्य धर्मगुरु म्हणून पाठविण्यांत आलें. मंगळूर, बसरूर, कुंदापूर, गंगोळी या भागांत त्यांनीं पायीं फिरून विस्कळित झालेल्या ख्रिस्ती लोकांस एकत्र आणिलें. तेथें एक मोठें भांडण चाललें होतें. पोर्तुगालच्या राजाचा हक्क मानावयाचा, कीं रोमहून थेट नेमलेल्या महागुरुस्वामींचा, असा तो वाद होता, आणि त्यांत गरीब भाविकांचे संस्कार अडकून पडले होते. जोसेफ वाझ एका पक्षाकडून नेमलेले. तरी ते दुसऱ्या पक्षाच्या महागुरुस्वामींस नम्रपणें जाऊन भेटले, कारण लोकांच्या आत्म्यास धोका पोहोंचूं नये, हा त्यांचा एकच आग्रह होता. अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांना कळत नव्हता असें नाहीं. पंडितच होते ते! परंतु कोणता प्रश्न आधीं आणि कोणता मागाहून, हें ओळखणें हीच पांडित्याची परीक्षा असते.

१६८४ सालीं ते गोव्यास परतले. त्याच वर्षीं पोर्तुगीज सरकारनें असा हुकूम काढिला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. सुदैवानें हुकुमानें भाषा मरत नाहींत. कोंकणी आजही नांदते आहे. त्या हुकुमाच्या पुढील वर्षीं, २५ सप्टेंबर १६८५ रोजीं, जुन्या गोव्याच्या टेकडीवरील चमत्कारिक क्रुसाच्या मंदिरांत कांहीं गोमंतकीय धर्मगुरूंचा संघ उभा राहिला. संत फिलिप नेरी यांच्या नियमानुसार चालणारा तो ओरेटरी संघ होय, आणि जोसेफ वाझ त्याचे प्रमुख निवडले गेले. एतद्देशीय धर्मगुरूंनीं एकत्र राहून धर्मसंघ चालवावा, ही त्या वेळीं नवलाची गोष्ट होती.

त्यांचें मन मात्र दूर सिंहलद्वीपाकडे लागलें होतें. तेथें पोर्तुगीजांच्या काळांत ख्रिस्ती झालेले हजारों लोक होते. १६५८ पर्यंत डच लोकांनीं पोर्तुगीजांस त्या बेटावरून हुसकून लाविलें. डच हे काल्विनपंथी. त्यांनीं कॅथलिक धर्मगुरूंस बंदी केली आणि देवळें आपल्या ताब्यांत घेतलीं. तेथील भाविकांस पुढें जवळजवळ तीस वर्षें धर्मगुरु लाभला नाहीं. मिस्साबलिदान नाहीं, पापनिवेदन नाहीं, मरणसमयीं तैलाभ्यंग नाहीं. तरीही घराघरांत जपमाळ चालू राहिली, आणि बाप मुलांस प्रार्थना शिकवीत राहिले.

१६८६ सालीं जोसेफ वाझ गोव्याहून निघाले. बरोबर योहान नांवाचा एक विश्वासू सेवक होता. तुतिकोरीन येथून गलबतानें ते १६८७ सालीं जाफन्यास पोहोंचले. धर्मगुरूच्या वेषांत उतरते, तर किनाऱ्यावरच पकडले जाते. म्हणून त्यांनीं मजुराचा वेष घेतला होता : कमरेस पंचा आणि अनवाणी पाय. प्रवासांत आजार जडून ते मरणोन्मुख झाले. कोणी एका दयाळू बाईनें पेज आणून दिली आणि त्यावर ते जगले, असें चरित्रकार सांगतात. बरे झाल्यावर कॅथलिक कोठें आहेत हें शोधावें कसें? विचारावें तर जीव जाईल. तेव्हां त्यांनीं गळ्यांत जपमाळ घातली आणि ते दारोदार भीक मागूं लागले. ज्या दारांतील माणसाची दृष्टि त्या माळेवर खिळली, तें घर आपलें, हें त्यांनीं ओळखलें. संत थॉमसच्या विद्यापीठांत ईशज्ञान शिकलेला पंडित परक्या गांवांत हात पसरून उभा आहे आणि त्याच्याजवळ परिचयपत्र म्हणून एक जपमाळ आहे, हें चित्र, बंधूंनो, नीट पाहून ठेवा; मला पुन्हां त्याकडे यावयाचें आहे.

सिल्लालै नांवाच्या गांवीं लोकांनीं त्यांस लपवून ठेविलें. रात्रीं मिस्सा होई, दिवसां सर्व सामसूम. १६८९ च्या नाताळांत डच अधिकाऱ्यांनीं तेथें धाड घालून जमलेल्या भाविकांस पकडलें. जोसेफ वाझ मात्र निसटले. पुढें पुत्तलम गांवाहून ते १६९२ सालीं कँडीच्या बौद्ध राजाच्या राजधानीस गेले. हा पोर्तुगीजांचा हेर आहे, असा आरोप दरबारांतील एका फ्रेंच काल्विनपंथी गृहस्थानें केला, आणि राजा दुसरा विमलधर्मसूर्य यानें त्यांस कैदेंत टाकलें. कैदेंत त्यांनीं काय केलें? ते सिंहली भाषा शिकले. तमिळ त्यांस आधींच अवगत होती. ज्या देशांत आपणांस हेर म्हणतात, त्या देशाची भाषा शिकणें हेंच त्यांनीं त्या आरोपास दिलेलें उत्तर होय. पुढें अवर्षण पडलें असतां त्यांच्या प्रार्थनेनें पाऊस पडला आणि राजाचें मन वळलें, अशी परंपरा आहे. त्यांस मोकळीक मिळाली, आणि त्या बौद्ध राजाच्या आश्रयानें कॅथलिक धर्म पुन्हां उभा राहिला, हें आपण कृतज्ञतेनें लक्षांत ठेविलें पाहिजे.

१६९७ सालीं कँडींत देवीची सांथ आली. राजा राजधानी सोडून गेला. नातलग रोग्यांस टाकून पळाले. जोसेफ वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो हे दोघे मागें राहिले. त्यांनीं आजाऱ्यांस धुतलें, जेवूं घातलें, मेलेल्यांस पुरलें. हा ख्रिस्ती, हा बौद्ध, असा भेद केला नाहीं. पोपमहाराजांच्या प्रतिनिधींनीं महागुरुस्वामीपद देऊं केलें, तेंही त्यांनीं नम्रपणें नाकारलें. गोव्याहून आणखी धर्मगुरु येत राहिले. त्यांपैकीं दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस हे १७०५ सालीं आले. त्यांनीं सिंहली व तमिळ भाषांत इतकी ग्रंथरचना केली कीं, सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे जनक म्हणून त्यांची आजही ख्याति आहे. १६ जानेवारी १७११ रोजीं जोसेफ वाझ यांनीं कँडी येथें देह ठेविला. गोवें सोडल्यावर चोवीस वर्षांत ते एकदांही घरीं परतले नाहींत. २१ जानेवारी १९९५ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं कोलंबो येथें त्यांस धन्यवादित घोषित केलें, आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्याच नगरींत त्यांस संतपद दिलें.

कोणी विचारील, यांस आपण धर्मपंडित कां म्हणावें? संत थॉमस अक्वायनस यांचा एक सिद्धांत मला गुरुविद्यालयांत शिकविला गेला. देवाची कृपा मनुष्याच्या स्वभावाचा नाश करीत नाहीं. त्यास पूर्णत्वास नेते. परीक्षेंत हें वाक्य लिहून गुण मिळविणें सोपें आहे. परंतु कृपा जर स्वभावाचा नाश करीत नसेल, तर ती भाषेचाही नाश करणार नाहीं, पोषाखाचाही नाहीं, गरिबाच्या अभिमानाचाही नाहीं. संस्कार देणाऱ्यानें घेणाऱ्याच्या घरापर्यंत चालत गेलें पाहिजे, हें त्या सिद्धांताचें अखेरचें पाऊल जोसेफ वाझ यांनीं उचललें. मी स्वतः ज्या पोपमहाराजांच्या गुरुविद्यालयांत शिकलों, तें १८९३ सालीं कँडी येथेंच स्थापन झालें होतें आणि १९५५ सालीं तेथून पुण्यास आलें. ज्या नगरींत या संतानें प्राण सोडला, तेथूनच आमची विद्या इकडे आली. पण त्या विद्येबरोबर त्यांचे अनवाणी पाय माझ्याबरोबर आले कीं नाहीं, याची मला खात्री देतां येत नाहीं. त्याचेंच एक उदाहरण आज आपणांपुढें उघड करतों.

कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत एके रात्रीं मी देवळाचें दार लावीत होतों. अंगणांत लूर्द मातेच्या गुहेपाशीं एक तरुण उभा होता. अंगावर ठेकेदाराच्या नांवाचा तेलकट सदरा, पायांत कारखान्यांतले जड बूट. तो कांहीं बोलण्याच्या आंतच मीं म्हटलें, “मदतीचें काम रविवारीं असतें, रविवारीं ये.” तो हिंदींत म्हणाला, “फादर, रविवारीं माझी पाळी असते. मला पैसे नकोत, मला पापनिवेदन करावयाचें आहे.” आणि त्यानें खिशांतून प्लॅस्टिकच्या पिशवींत गुंडाळलेली जपमाळ काढून मला दाखविली. कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यास ओळखपत्र दाखवावें, तशी दाखविली!

तो झारखंडचा होता. चाकणला एका खोलींत सहा जण राहत. साप्ताहिक सुटी आज एका वारीं, उद्यां दुसऱ्या. आठ महिने मिस्सा त्याच्या नशिबीं नव्हती. त्या दिवशीं पहिली पाळी संपवून, वाहनें बदलीत, तो देऊळ शोधीत आला होता. मीं त्याचें पापनिवेदन ऐकलें, ख्रिस्तप्रसाद दिला, आणि तो पावसांत निघून गेला. त्याचें नांव विचारणें मला सुचलें नाहीं. त्यानंतर मी पुष्कळ रविवार मागच्या बाकांवर त्याचा शोध घेतला. तो पुन्हां दिसला नाहीं. बंधूंनो, जाफन्यांतील अडाणी माणसांनीं भिकाऱ्याच्या गळ्यांतील माळ पाहिली आणि आपला गुरु ओळखला. मी, शिकलेला गुरु, माझ्या दारांत माळ घेऊन आलेल्या भावास भिकारी समजलों.

हा माझा दोष; तो मी कोणावर ढकलीत नाहीं. पण आपणां सर्वांनाही मी आपल्या वाडवडिलांची आठवण देतों. पिंपरीस पेनिसिलीनचा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. पुढें मोटारींचे, यंत्रांचे कारखाने आले. आणि नगरहून, जालन्याहून, वसईहून, गोव्याहून, तमिळ व मल्याळी मुलुखांतून आपले लोक पोटासाठीं येथें आले. आपल्यांतील वृद्ध मला सांगतात कीं, त्या वेळीं जवळ देऊळ नव्हतें. एका खोलींत आळीपाळीनें झोपणारी माणसें संध्याकाळीं एकत्र बसून माळ म्हणत. म्हणजे हा धर्मग्राम धर्मगुरूंनीं वसविला नाहीं. खोल्यांत राहणाऱ्या मजुरांनीं वसविला, धर्मगुरु मागाहून आला. तीच खोली, तेच सहा जण, तीच माळ आज चाकणला आहे. फक्त आपण आतां दाराच्या आंतल्या बाजूस आहों.

मग आपला हिशोब काय निघतो? मी स्पष्ट बोलतों, क्षमा असावी. महोत्सवनिधींतून देवळापुढें नवी कमान व्हावी अशी पुष्कळांची इच्छा आहे. कोणत्या भाषेच्या मिस्सेस कोणती वेळ मिळावी, यावरून गेलें वर्षभर आपल्यांत कडवट शब्द झाले आहेत. मराठीसाठीं झगडणाऱ्यांची तळमळ मला कळते. मी स्वतः मराठींतच प्रार्थना करतों, आणि मराठी मिस्सा या देवळांतून कधींही जाऊं नये, हें माझें मत आहे. परंतु कानडा प्रांतांतील त्या भांडणांत आपल्या संतानें जो प्रश्न आधीं विचारला, तोच आपण आधीं विचारूं या : या वादांत कोणाचा संस्कार अडून राहिला आहे?

माझी विनंति एवढीच आहे. कमान एक वर्ष थांबावी. त्या पैशांतून, महागुरुस्वामींची अनुमति घेऊन, चाकणच्या बाजूस एखादी साधी जागा भाड्यानें घ्यावी. तेथें रविवारीं रात्रीं आणि आठवड्यांत आणखी एके दिवशीं, पाळ्या पाहून, मिस्सा व्हावी. प्रत्येक प्रार्थनागटानें आपल्या वस्तींतील भाड्याच्या खोल्यांत जाऊन आपले लोक कोण आहेत, हें विचारावें. त्यांचीं नांवें लिहून घ्यावीं. माझ्याकडून जें राहून गेलें, तें आपण करावें. मी माझ्याकडून एक वचन देतों : माझी हिंदी मोडकी आहे, ती मी सुधारीन. संतांनीं कैदेंत सिंहली शिकली. मला तर घरांत बसून शिकावयाचें आहे. निर्णय धर्मग्राम-मंडळानें करावा. माझा आग्रह आहे, आज्ञा नाहीं.

एक दिवस आपणही अनवाणी आणि रिकाम्या हातांनीं परक्या दारांत उभे राहणार आहों. त्या दारांत आपणांस ओळखावें कीं नाहीं, हें ज्याच्या हातीं आहे, तो आज आपल्या दारांत कोणत्या वेषानें येतो, हें मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत आपण पुष्कळदां ऐकलें आहे. तो येईल तेव्हां त्याच्या सदऱ्यावरील नांव वाचूं नका. त्याच्या हातांत काय आहे, तें पाहा.

हे संत जोसेफ वाझ, देवमातेच्या दासा, आमच्या या धर्मग्रामासाठीं विनंति कर. जो तरुण त्या रात्रीं पावसांत निघून गेला, तो जेथें असेल तेथें त्यास सांभाळ, आणि त्याच्या भावांस शोधण्याची बुद्धि आम्हांस दे. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नांवानें. आमेन.